बेबीसिटिंग : पहिलं पाऊल कसं टाकायचं?

(मंडळाच्या महिला व युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि मागच्या टेबलावर बटाटेवडे येऊन ठेवलेले आहेत. त्यामुळे थोडक्यात बोलते.

समोर दोन प्रकारचे श्रोते दिसताहेत. पुढच्या रांगेत आपल्या मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या मुली, आणि बरं वाटलं, चार-पाच मुलगेसुद्धा. मागे नुकत्याच भारतातून आलेल्या काही मैत्रिणी. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो, गाडी तोच घेऊन जातो, आणि दिवस खायला उठतो. दोघांचाही प्रश्न एकच आहे: "आम्हाला मुलं सांभाळायचं काम करायचंय, पण अनुभव नाही. अनुभव नसेल तर काम मिळत नाही, आणि काम नाही तर अनुभव कुठून येणार?"

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकूया. "शिकून सवरून दुसऱ्यांची पोरं सांभाळायची?" असं भारतातून फोनवर कोणीतरी म्हणणारच. लोक आपलं सगळ्यात मोलाचं माणूस तुमच्या हाती सोपवून घराबाहेर पडतात. ज्या कामात एवढा विश्वास लागतो, ते काम हलकं कसं असेल?

आता अनुभवाबद्दल. तो अगदी शून्य आहे, हे मला पटत नाही. गणपतीच्या कार्यक्रमात मोठी माणसं नाटक बघत असतात तेव्हा खालच्या खोलीत दहा-बारा पिल्लांना कोण खेळवतं? धाकट्या भावाला कोण भरवतं? मागे बसलेल्या बायकांनी बहिणीच्या बाळंतपणात काय काय केलंय? हे सगळं एका कागदावर लिहून काढा. मुलांची वयं, किती वेळ सांभाळलं, काय काय केलं, सगळं लिहा. ज्यांची मुलं सांभाळली त्या काकूंना विचारा, "तुमचं नाव रेफरन्स म्हणून देऊ का?" बहुतेक काकू आनंदाने हो म्हणतात.

दुसरं म्हणजे शिक्षण. अमेरिकन रेडक्रॉसचा बेबीसिटिंगचा वर्ग अकरा वर्षांपासून पुढच्या मुलांना करता येतो. सेफ सिटर नावाची संस्थाही असे वर्ग चालवते. ती डॉ. पॅट्रिशिया कीनर यांनी 1980 साली इंडियानात सुरू केली. त्यांच्या एका सहकाऱ्याचं लहान मूल सिटरकडे असताना घशात काहीतरी अडकून दगावलं, आणि अशा वेळी काय करायचं हे त्या सिटरला माहीत नव्हतं. त्यातून ही संस्था उभी राहिली. म्हणून सांगते, सी.पी.आर. आणि घशात अडकलेलं काढण्याचं प्रात्यक्षिक बाहुलीवर स्वतःच्या हाताने करा. एक वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली राहील असं हातावर पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर तळहाताच्या टाचेने पाच दाब, हे ऐकायला सोपं वाटतं. हात थरथरत असताना ते जमायला सराव लागतो.

तिसरं, एकदम शनिवारी रात्रीचं काम धरू नका. 'मदर्स हेल्पर' म्हणून सुरुवात करा. म्हणजे आई घरातच आहे, ती स्वयंपाक करतेय किंवा ऑफिसचं काम करतेय, आणि दोन तास मूल तुमच्याकडे. पैसे कमी मिळतात, पण शिकायला मिळतं. चार-पाच वेळा असं झालं की आई स्वतःच म्हणते, "तासभर बाहेर जाऊन येते." आणि सुरुवातीला तीन वर्षांच्या पुढची मुलं घ्या. तान्ह्या बाळाची जबाबदारी पहिल्याच कामात नको.

आता पहिली भेट. तिथे फक्त तुमची मुलाखत होत नाही, तुम्हीही प्रश्न विचारायचे. आईबाबा कुठे जाणार, कधी येणार, फोन उचलला नाही तर कोणाला करायचा? मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे? औषध द्यायचंय का? असेल तर किती आणि कधी, हे त्यांच्याच हातचं लिहून घ्या. मनाने काही द्यायचं नाही. घराचा पत्ता लिहून फ्रिजवर लावायला सांगा, कारण 911 ला फोन केल्यावर घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही. त्याच कागदावर पॉयझन कंट्रोलचा नंबर: 1-800-222-1222. मुलाने काही भलतंच गिळल्याची शंका आली तर तिथे फुकट सल्ला मिळतो, रात्री-अपरात्रीही. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वास घेत नसेल तर मात्र थेट 911.

आता खास आपल्या घरांबद्दल, कारण या गोष्टी वर्गात कोणी सांगणार नाही.

शेंगदाणे! आपल्याकडे ते कशात नसतात? चिवड्यात दिसतात तरी, पण साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी यांतलं दाण्याचं कूट दिसत नाही. अमेरिकन घरात काम करायला जाताना "माझ्या आईने केलंय" म्हणून डबा उघडून मुलाला घास देऊ नका. अ‍ॅलर्जी नसली तरी चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, पॉपकॉर्न द्यायचं नाही, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून द्यायची.

मध. बाळाला मधाचं बोट चाटवायची आपली जुनी रीत. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, कारण त्यातून बॉटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजी आग्रह करत असतील तर वाद घालू नका. "बाळाच्या आईला विचारते" एवढंच म्हणा.

आणि गोधडी. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी कितीही मऊ असली तरी बाळाच्या क्रिबमध्ये नको. उशी नको, खेळणी नकोत. घट्ट, सपाट गादी आणि बाळ उताणं, प्रत्येक झोपेला. इथले बालरोगतज्ज्ञ 1990च्या दशकापासून हेच सांगताहेत, आणि तेव्हापासून झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या पुष्कळ कमी झाली.

बाळ रडायचं थांबतच नाही, असंही होणार. लंगोट पाहिला, दूध दिलं, फिरवलं, तरी रडतंय. तुमचाच जीव रडकुंडीला आला तर बाळाला क्रिबमध्ये उताणं ठेवा, दार ओढून पाच मिनिटं बाहेर बसा, आईला फोन करा. रडण्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. फोन केला म्हणून कोणी तुम्हाला कच्चं समजणार नाही.

आता पैशांची गोष्ट. इथे आपण मराठी माणसं फार अवघडतो. काकू विचारतात, "किती द्यायचे गं?" आणि आपण म्हणतो, "राहू दे हो काकू, घरचंच आहे." मग रात्री साडेबारापर्यंत घरचंच चालू राहतं. आपल्या गावात काय दर चाललाय ते दोन-तीन घरी विचारा, आणि काम घेण्याआधीच दर, वेळ, परत कोण सोडणार हे बोलून घ्या. आणि काकू मंडळींनो, मुलगी लाजली म्हणून तुम्ही विसरू नका!

मागे बसलेल्या मैत्रिणींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-4 व्हिसावर असाल आणि ई.ए.डी. हातात नसेल, तर पैसे घेऊन मूल सांभाळता येत नाही. रोख घेतले, शेजारीच केलं, तरी ते कामच. ई.ए.डी. 2015 पासून काही एच-4 धारकांना मिळू लागलं. साधारणपणे ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीनकार्डचं आय-140 मंजूर झालंय, त्यांना. विद्यार्थी व्हिसावरच्यांना आणि पाहुण्या म्हणून आलेल्या आजींनाही असं पैशाचं काम करता येत नाही. चार डॉलरसाठी पुढचं ग्रीनकार्ड धोक्यात घालू नका. शंका असेल तर वकिलाला विचारा. तोवर सी.पी.आर. शिका, रविवारच्या मराठी शाळेत मदत करा. परवानगी येईल तेव्हा तुमचा कागद कोरा नसेल.

ज्यांना परवानगी आहे आणि स्वतःच्या घरी चार मुलं सांभाळायची आहेत, त्यांनी आधी राज्याचे नियम बघा. बहुतेक राज्यांत ठरावीक संख्येपुढे परवाना लागतो. सिटरच्या वयाचंही तसंच, प्रत्येक राज्याचं वेगळं. उदाहरणार्थ मेरीलँडमध्ये आठ वर्षांखालचं मूल ज्याच्या भरवशावर घरी ठेवायचं, तो निदान तेरा वर्षांचा हवा.

शेवटी एक विनंती. मराठी घरात सांभाळायला गेलात तर मुलांशी मराठीत बोला. पुढच्या रांगेतल्यांनो, तुमचं मराठी मोडकं असलं तरी चालेल. आईबाबांचं मराठी ती मुलं इंग्रजीत उत्तर देऊन टोलवतात, पण सोळा वर्षांची 'कूल' ताई "चल, लपंडाव खेळू" म्हणाली की निमूट मराठीत उत्तर देतात. तुमच्या खिशात चार डॉलर, काकूंना एक निवांत संध्याकाळ, आणि त्या पिल्लाच्या तोंडी दोन मराठी शब्द.

प्रश्न असतील तर वडे खाता खाता विचारा.