शब्द सर्वांचे आहेत

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात ‘स्पेलबाउंड’ हा माहितीपट दाखविल्यानंतर केलेले भाषण)



आत्ताच आपण सर्वांनी मिळून माहितीपट पाहिला. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, इंग्रजी तर त्यांचीच भाषा. मग त्यांना स्पेलिंग पाठ का करावे लागते?” प्रश्न चांगला आहे. त्यापासूनच सुरुवात करतो.

जे उशिरा आले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेफ्री ब्लिट्झ यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट 2002 साली आला आणि त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. 1999 साली वॉशिंग्टन येथे झालेल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेतील आठ मुलामुलींची ही हकीगत आहे. त्या वर्षी देशभरातून निवडून आलेले 249 स्पर्धक होते. माइकसमोर यायचे, शब्द ऐकायचा, एकेक अक्षर उच्चारायचे. चूक झाली की घंटा वाजते. त्या फेऱ्यांत चुकीला दुसरी संधी नसते.

आपण मराठीत बहुतेक बोलतो तसेच लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले की बरेचसे काम झाले. इंग्रजीने मात्र लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, अरबी, अगदी आपल्या हिंदीतूनही शब्द घेतले आणि पुष्कळदा त्यांचे मूळचे लेखन तसेच ठेवले. म्हणून ती मुले माइकसमोर उभी राहून विचारतात, “हा शब्द कोणत्या भाषेतून आला? त्याचा अर्थ काय? वाक्यात कसा वापरतात?” विचारण्याचा त्यांना नियमाने हक्क आहे. नुसती घोकंपट्टी तेथे पुरत नाही, शब्दाचे मूळ शोधावे लागते. आपली मुले वर्गात विचारायला लाजतात. विचारणे हा अभ्यासाचाच भाग आहे, हे या मुलांकडून शिकावे.

आता त्या मुलांची घरे आठवा. एका मुलाच्या वडिलांनी निरनिराळ्या भाषांचे शिक्षक ठेवले. तो मूळ भारतीय कुटुंबातला, आणि नेमका ‘दार्जिलिंग’ हा शब्द आला तेव्हा अडखळला! दुसरीकडे टेक्सासमधली ती मुलगी. तिचे वडील मेक्सिकोतून आलेले, गुरांच्या कुरणावर काम करणारे, इंग्रजी न येणारे. तिची तयारी करून घ्यायला घरात कोणी नाही. तरीही ती राजधानीच्या मंचावर पोहोचली. मंचावर दोघांना नियम एकच, घंटा एकच. परंतु मंचापर्यंतचा रस्ता दोघांचा एक नव्हता.

यावरून माझी एक आठवण सांगतो. पाचवी-सहावीत असताना मी फळ्यावर ‘नाइफ’चे स्पेलिंग ‘एन’ने सुरू केले. वर्ग हसला. मास्तर म्हणाले, “जाऊ दे, हे तुमचं काम नाही.” त्यांनी ‘तुझं’ म्हटले नाही, ‘तुमचं’ म्हटले. चूक माझी होती, पण त्या एका शब्दात माझी अख्खी वस्ती आली. पुढे माझी सगळी नोकरी इंग्रजी पत्रव्यवहारात झाली, तरी ते वाक्य कानातून गेलेले नाही.

मित्रांनो, ‘हे तुमचं काम नाही’ असे सांगणारे तिकडेही होते. 1908 साली क्लीव्हलँड शहरात मोठी स्पर्धा झाली. मेरी बोल्डेन या पोस्टमनच्या कृष्णवर्णीय मुलीने एकही चूक न करता ती गाजवली. तिच्याबरोबर एका मंचावर उभे राहण्यालाच न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या संघाची हरकत होती. 1936 साली ओहायोतील अ‍ॅक्रनची तेरा वर्षांची मॅकनोलिया कॉक्स राष्ट्रीय स्पर्धेसाठी निघाली. मेरीलँडच्या हद्दीपासून तिला कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या डब्यात बसावे लागले. इतर स्पर्धकांच्या हॉटेलात तिला उतरता आले नाही. मेजवानीतही तिचे टेबल वेगळे. वेगळे बसवणे म्हणजे काय, हे या सभागृहात मी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही ती शेवटच्या पाचांत आली. तेव्हा तिला ‘नेमेसिस’ हा शब्द दिला गेला. ते ग्रीक देवतेचे विशेषनाम, मान्य यादीत नसलेले. तिच्या बाजूने हरकत घेतली गेली, ती फेटाळली गेली, आणि मॅकनोलिया बाद झाली. पुढे तिला महाविद्यालयात जाता आले नाही. तिने लोकांच्या घरी काम केले. त्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आफ्रिकी-अमेरिकन विजेती होण्यास 2021 साल उजाडावे लागले. तिचे नाव झाइला अवांगार्द. तिचा विजयी शब्द होता ‘मुराया’. आपल्या फोडणीतला कढीपत्ता वनस्पतिशास्त्रात याच नावाने ओळखला जात आला आहे!

माहितीपटातील स्पर्धा जिंकली ती नुपूर लाला या भारतीय वंशाच्या मुलीने. आदल्या वर्षी ती याच स्पर्धेत हरली होती. पुढे भारतीय वंशाची मुले एवढी जिंकू लागली की 2019 साली आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात तीच होती. काहीजण म्हणतात, हे रक्तातच असते. मला ते पटत नाही. 1965 च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेले ते बरेचसे शिकलेले लोक, डॉक्टर, इंजिनिअर. घरात पुस्तके होती, शिकवायला आईवडील होते. शिवाय त्यांनी संघटना उभी केली. 1989 साली स्थापन झालेले नॉर्थ साउथ फाउंडेशन तेथील मुलांसाठी अशा स्पर्धा घेते आणि भारतातील गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. तेव्हा हे यश रक्ताचे नव्हे. पुस्तके, सराव आणि संघटन यांचे ते फळ आहे, आणि या तिन्ही गोष्टी उभ्या करता येतात.

म्हणून सभासदांना माझी एक विनंती आहे. आपल्या अभ्यासिकेत दोन चांगले शब्दकोश ठेवावेत, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा. दर रविवारी सकाळी एक तास मुलांनी जमावे, दहा शब्द घ्यावेत, त्यांचे मूळ, अर्थ आणि लेखन पाहावे. शिकवायला मी येईन. कोणी चुकले तर कोणी हसायचे नाही, एवढाच नियम. घरी इंग्रजी येणारे कोणी नसले तरी चालेल. टेक्सासच्या त्या मुलीच्या वडिलांनाही इंग्रजी येत नव्हते.

नुपूरचा विजयी शब्द होता ‘लोगोरिया’. त्याचा अर्थ अति बडबड करण्याचा विकार! तो मला जडण्यापूर्वी मी माझे भाषण संपवतो. 

जय भीम! नमो बुद्धाय!