आरतीला उशीर का होतो

संध्याकाळच्या आरतीला आम्ही उशिरा येतो, त्याचं कारण आज सांगतो.

आमच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. मुका घेतला की गाल खारट लागतो, हे आधी आजीच्या लक्षात आलं. आम्ही मात्र दोन वर्षं दम्याची औषधं देत राहिलो. शेवटी घामातल्या क्लोराइडची तपासणी झाली. हा आजार संसर्गाचा नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं, तरच होतो. फुप्फुसातला कफ घट्ट, चिकट होऊन साचतो आणि तिथे जंतू घर करतात. आम्ही डिप्लोमावाले, तुंबलेल्या पाइपाची भाषा लवकर कळते!

म्हणून रोज सकाळी आणि ऑफिसातून आल्यावर, जेवणाआधी, त्याला कुशीवर निजवून खोलगट तळव्याने छातीवर, पाठीवर थापटतो. मग चष्म्याची काच पुसताना करतो तसा 'हाऽ' करत तो श्वास सोडतो, खोकतो, कफ काढतो. फिजिओथेरपिस्टताईंनी शिकवलं, तरी सुरुवातीला हात उचलत नव्हता. शेजारून विचारणाही झाली, "लेकराला मारता का हो?"

यानं आजार बरा होत नाही. श्वास मोकळा राहतो. सुट्टी नाही, गणपतीतसुद्धा. तेव्हा आमच्यासाठी थांबू नका, आरती सुरू करा. फक्त सर्दी-खोकला असेल त्यांनी मंडपात त्याच्यापासून जरा लांब बसावं.