सर्व्हर डाऊन? नेमकं काय बंद आहे ते विचारा



कापूस वेचणीच्या दिवसांत एक रोज बुडाला म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. तरी रेशन दुकानात, सेवा केंद्रात आपण तासभर बसतो आणि शेवटी ऐकतो, "ताई, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा ओटीपी येत नाही म्हणून कितीतरी जणी परत गेल्या. मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, पण बुडालेला रोज काही परत आला नाही.

आता हा सर्व्हर आपल्या गटातही आलाय. असं धरा, शिरपूरकडच्या एका बचत गटाचं विक्री केंद्र आहे. उडदाचे पापड, बिबडे, केळीचे वेफर्स. बिल करायला एक कॉम्प्युटर काउंटरवर आणि दुसरा आतल्या खोलीत. मालाचा, उधारीचा सगळा हिशेब आतल्यात. तोच त्यांचा सर्व्हर. लाइट गेली, तासाभरानं आली, आतला कॉम्प्युटर चालू दिसतोय, पण काउंटरवर निरोप येतो की सर्व्हरशी संपर्क होत नाही. गिऱ्हाईक उभं. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर तो धुळ्याहून परवा येणार, आणि येण्याजाण्याचे पैसे वेगळे.

इथं "डाऊन" हा शब्द मला फार आळशी वाटतो. आपलं एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. इमारत म्हणजे सर्व्हरचं यंत्र. आत खिडक्या आहेत, प्रत्येकीला नंबर. कॉम्प्युटरच्या भाषेत त्या नंबराला पोर्ट म्हणतात. वेबसाइटची खिडकी बहुतेक वेळा ४४३ नंबरची असते, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वेगळी. खिडकीमागे कान देऊन बसलेला बाबू म्हणजे सर्व्हिस. तो जागेवर असला तर कॉम्प्युटर म्हणतो, सर्व्हिस 'लिसनिंग' आहे, म्हणजे ऐकते आहे. आणि फाटकावरचा राखणदार म्हणजे फायरवॉल.

आता इमारतच बंद असणं वेगळं, रस्ता तुटणं वेगळं आणि बाबू जागेवर नसणं वेगळं. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले. आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. ती इमारत बंद. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप आणि फेसबुक सहा तासांच्या आसपास गप्प होते, तेव्हा त्यांच्याकडे जाणारे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले होते. आणि बाबू जागेवर नसतो तो आपल्या शिरपूरच्या गटात.

ते ओळखायचं कसं? आधी आतल्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर बघा. ती खोचतात तिथला बारीक दिवा लुकलुकतोय ना? मग काउंटरवरचा निरोप नीट वाचा आणि वहीत उतरवा. त्यात 'रिफ्यूज्ड' असेल तर इमारत शाबूत आहे, त्या खिडकीत बहुधा कोणी नाही. बराच वेळ थांबवून 'टाइम आऊट' आलं तर रस्ता, राखणदार किंवा बाबू, तिघांपैकी कोणीही असू शकतो. विंडोजचा राखणदार पुष्कळदा नकारही देत नाही, नुसता गप्प बसतो. म्हणून बाहेरच्या निरोपावर विसंबू नका, आत जाऊन पाहा.

आतल्या कॉम्प्युटरवर शोधाच्या चौकटीत 'सर्व्हिसेस' टाइप केलं की एक लांब यादी उघडते. तुमच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचं नाव तिच्यात शोधा. हे नाव आणि खिडकीचा नंबर सॉफ्टवेअर बसवताना विचारून भिंतीवर चिकटवून ठेवा. नावापुढे 'रनिंग' नसेल तर बाबू आलेलाच नाही. त्यावर उजवी क्लिक करून 'स्टार्ट' करा. लाइट गेली की दरवेळी हेच होत असेल, तर त्याची सुरुवात 'ऑटोमॅटिक' करून घ्या. कॉम्प्युटर चालू होताना सगळ्या सर्व्हिसेस एकदम उठतात आणि त्या गर्दीत एखादी मागे राहते, अशांसाठी 'ऑटोमॅटिक, डिलेड' असा पर्याय असतो, म्हणजे जरा दम खाऊन उठ.

'रनिंग' आहे, तरी जमत नाही? मग 'नेटस्टॅट' नावाची एक आज्ञा असते, ती कॉम्प्युटरवाल्याकडून एकदा शिकून घ्या. कोणती खिडकी कोणासाठी उघडी आहे ते ती दाखवते. 'लिसनिंग' शब्दाच्या ओळीत १२७.०.०.१ असा पत्ता दिसला, तर बाबू हजर आहे, पण तो फक्त त्याच इमारतीतल्या माणसांचं ऐकतो, काउंटरचं नाही. ०.०.०.० असेल तर तो सगळ्यांचं ऐकतो, आणि मग अडवणारा राखणदार असतो. आणखी एक नेहमीची भानगड म्हणजे राउटर बंद होऊन चालू झाला की आतल्या कॉम्प्युटरला नवा नंबर देऊ शकतो. काउंटर बिचारा जुन्याच घराची कडी वाजवत राहतो. तो नंबर कायमचा करून घ्या.

राखणदार अडवतो म्हणून फायरवॉल सरसकट बंद करू नका. कोणी सोपा उपाय म्हणून सुचवला तरी नाही. तेवढ्या एका खिडकीला, तेही दुकानातल्या नेटवर्कपुरतीच परवानगी द्यायला सांगा. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरून पुन्हापुन्हा बंद-चालू करू नका, हिशेबाची फाइल बिघडते. आणि अनोळखी माणसानं फोनवर "मी इथूनच दुरुस्त करतो" म्हटलं, तर त्याला कॉम्प्युटर उघडून देऊ नका.

एवढं पाहून झालं की फोनवर "बंद पडलंय" म्हणू नका. "कॉम्प्युटर चालू आहे, वायरचा दिवा लागतो, सर्व्हिस रनिंग आहे, निरोप टाइम आऊटचा येतो," असं सांगा. पुष्कळदा काम फोनवरच होतं.

सेवा केंद्रातही हाच प्रश्न कामाला येतो. "दादा, दुसरी वेबसाइट उघडते का?" काहीच उघडत नसेल तर बिघाड त्या केंद्रातला आहे, पुढच्या गावच्या केंद्रात जा. बाकी सगळं उघडतं आणि तेवढंच पोर्टल अडलंय, तर कुठंही गेलात तरी तेच होणार, एसटीचं भाडं वाया घालवू नका. सकाळी लवकर किंवा रात्री करून बघा, गर्दी कमी असते.

रेशनचं मात्र वेगळं आहे. नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही, एवढ्या कारणावरून पात्र माणसाचं धान्य नाकारू नका, असं केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही बरोबर न्या. तरीही परत पाठवलं तर मशीनवर काय निरोप आला, तारीख, वेळ, हे गटाच्या वहीत लिहा आणि १९६७ या क्रमांकावर फोन करा.