हमी बॅटरीची की मालकाची?
(अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विद्युत मोटार हा सधनांच्या हौसेचा विषय, कामगार चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, अशी समजूत आपल्यातही आढळते. ती सोडून दिली पाहिजे. सधन माणूस नवी गाडी घेतो आणि काही वर्षांनी विकतो. ती विकत घेणारा पुष्कळदा टॅक्सीचालक, छोटा दुकानदार किंवा हप्ते फेडीत जगणारा नोकरदार असतो. जुन्या गाडीची किंमत कशाच्या आधारे ठरते, हा त्याच्या मिळकतीचा प्रश्न आहे.

पेट्रोल गाडीचे इंजिन गल्लीतला मेस्त्री नुसत्या आवाजावरून पारखतो. विद्युत गाडीत सर्वांत महाग भाग बॅटरी, आणि तिची किती क्षमता शिल्लक आहे हे कानाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. ती माहिती गाडीतल्या संगणकात असते व त्याची किल्ली बहुधा उत्पादक कंपनीच्या हाती. घेणाऱ्याला आधार उरतो तो हमीच्या कागदाचा.

तो कागद काय म्हणतो? नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने बीई ६ व एक्सईव्ही ९ई या गाड्या बाजारात मांडल्या. पहिल्या खाजगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी. मालक बदलला की १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर. एमजी विंडसरच्या बाबतीत तीच आजीवन हमी दुसऱ्या मालकापाशी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरांवर येते. ही मुदत थोडी नव्हे, हे मान्य. परंतु आरसी बुकावरचे नाव बदलल्याने बॅटरीतील रासायनिक क्रिया बदलत नाही. उपयोगमूल्य तेच राहते आणि विनिमयमूल्य घसरते! भाडोत्री वाहन चालवून पोट भरणाऱ्याला तर ‘खाजगी’ या एकाच शब्दाने आजीवन हमीबाहेर ठेवले आहे. वास्तविक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा माणूसही ग्राहकच ठरतो.

किंमत दुसऱ्या बाजूनेही घसरते. बॅटरीचे सेल स्वस्त झाले म्हणून टाटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीची किंमत १ लाख २० हजार रुपयांपर्यंत उतरवली. नव्या ग्राहकाचा लाभ झाला; ज्याने आधी कर्ज काढले त्याच्या गाडीचे मोल उतरले, कर्ज मात्र तेवढेच राहिले.

कराविषयी नेमके बोलावे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे जीएसटी परिषदेने जुन्या विद्युत गाड्यांवरील दर १२ वरून १८ टक्के केला. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर आहे, संपूर्ण किमतीवर नव्हे. दोन व्यक्तींमधील व्यवहारावर तो नाही. ९ लाखांना घेतलेली गाडी १० लाखांना विकली, तर कर एका लाखावर. अतिशयोक्तीने आपली बाजू दुबळी होते. तरीही नव्या गाडीला ५ टक्के आणि जुनीच्या फरकावर १८ टक्के, यातून सरकारचा कल दिसतोच.

युरोपीय संघ काही समाजवादी देशांचा समूह नव्हे. तरी त्याच्या २०२३ च्या नियमाने बॅटरीच्या क्षमतेची माहिती वाचण्याचा अधिकार बॅटरीच्या मालकाला दिला आहे. वाहनचालकांच्या संघटनांनी येथेही प्रथम हीच मागणी करावी. आणि तिच्यासोबत दुसरी : हमी बॅटरीच्या क्रमांकाशी जोडा, मालकाच्या नावाशी नव्हे.