आमच्या मोटारीचे दप्तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात आजवर मी फार तर हिशेब वाचावयास उभी राहिले. यंदा चिटणीसबाईंनी मोटारीवर बोलावयास सांगितले, हे ऐकून आमच्या घरी हशाच पिकला. यंत्रविद्या मी शिकलेली नाही. आमच्या गाडीच्या इंजिनाने जे शिकविले, तेवढेच सांगते.

२०२१ साली आम्ही नवी गाडी घेतली. सातव्या महिन्यात मामंजींना घेऊन साताऱ्यास निघालो, तो खंबाटकीच्या चढावर उष्णतेचा काटा लाल रेषेला टेकला. ऐंशी वर्षांचे मामंजी दीड तास उन्हात दगडावर बसून होते. ते काही बोलले नाहीत, त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

कंपनीच्या वर्कशॉपने कूलंट भरून दिले. महिन्याने पुन्हा तेच. मग गॅस्केट बदलले, पुन्हा तेच. चौथ्या खेपेस तेथला तरुण म्हणतो, "मॅडम, तुम्ही चढावर गिअर उशिरा बदलता." अहो, एकवीस वर्षे मी गाडी चालविते आहे! आमचे हे शेजारीच उभे होते. त्यांना गिअरविषयी कोणी विचारले नाही.

शेवटी आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने उलगडा केला. पाणी बाहेर कोठे गळत नाही आणि तरी कमी होते, म्हणजे ते आत मुरते. त्याने तेलाची कांडी काढून दाखविली. तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. इंजिनाच्या ब्लॉकवर हेड बसते आणि मध्ये गॅस्केट असते. हेडची बैठकच सपाट नसेल तर गॅस्केट टिकावयाचे नाही. आपल्या कुकरचेच पाहा ना! झाकण वाकडे असेल तर रिंग कितीही नवी घाला, शिटी होत नाही.

घरी येऊन मी वर्कशॉपच्या पावत्या पुढे मांडल्या. एकीवर "कूलंट भरले", दुसरीवर "दोष आढळला नाही", तिसरीवर "गॅस्केट बदलले". हा एकच आजार आहे असे त्या कागदांवरून कोणासही कळले नसते! पाचव्या खेपेस मी सांगितले, "इंजिन तापते, हीच तक्रार पूर्वी चार वेळा, असे किलोमीटरच्या आकड्यासह जॉब कार्डावर लिहा, त्याशिवाय सही करणार नाही." पाऊण तास वाद झाला. लिहिले मात्र.

वकीलबाईंनी कायदा समजावून दिला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष मालाने इजा वा नुकसान झाल्यास त्यात उत्पादकावरही जबाबदारी टाकता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करावयाची, तीही दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये. आयोग वस्तूची तज्ज्ञ तपासणीही करवू शकतो. पण त्यांनी बजावले की, सगळी गाडी बदलून मागू नका. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच वचन होते, म्हणून २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात नवी गाडी देण्याचा हुकूम रद्द केला होता. आम्ही इंजिन मागितले.

नोटिशीनंतर तेविसाव्या दिवशी नवे इंजिन बसले. त्याबरोबर एक कागद पुढे आला : यापुढे आमची काही तक्रार नाही. मामंजींच्या इस्पितळाच्या खेपा चालू होत्या. मी सही केली.

ती सही मला अजून सलते. तसलीच हेड आणखी कोणाकोणाच्या गाडीत बसली असतील, आणि त्या बायकांनाही गिअर शिकविले जात असतील! धोकादायक दोषाच्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकारला कंपनीस देता यावा, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०२१ पासून लागू आहे, आणि त्यासाठी मालकांच्या तक्रारी जमाव्या लागतात. मी माझी सरकारच्या वाहन संकेतस्थळावर नोंदविली आहे. उत्तर अद्याप नाही.

दप्तर आज बरोबर आणले आहे. ज्यांच्या घरी गाडी वारंवार तापते, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे.