औषधदानाची पहिली पायरी



आपल्या धर्मातील चार दानांत औषधदानास मानाचे स्थान आहे. हिवतापाच्या रुग्णाबाबत हे दान रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच सुरू होते.

डास चावल्यावर हिवतापाची लक्षणे साधारणतः १० ते १४ दिवसांनी दिसतात. त्यामुळे झारखंडातील सम्मेदशिखरजीची यात्रा करून किंवा गडचिरोलीहून परतलेला माणूस नाशिकला घरी आल्यावर तापाने फणफणतो, आणि घरचे तो साधा ताप समजतात. फॅल्सिपेरम प्रकारचा हिवताप मात्र मेंदूवर आघात करू शकतो. रुग्ण बरळू लागला, त्यास झटके आले किंवा शुद्ध हरपू लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका डॉक्टरांसह येते.

तोवर रुग्णास कुशीवर वळवावे. बेशुद्धाच्या मुखात पाणी अथवा गोळी घालू नये. या आजारात रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. ती डॉक्टर आल्याबरोबर तपासून घ्यावी. आणि रुग्ण गेल्या काही महिन्यांत कोठे जाऊन आला, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. एवढ्या माहितीने रक्ताची तपासणी तत्काळ होते व आर्टेसुनेटचे इंजेक्शन वेळेवर मिळू शकते.

इंजेक्शन देणे हे डॉक्टरांचे काम. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे आपले औषधदान होय.

जय जिनेंद्र!