दिवा घे, दिव्यात तेल घाल



वाचकाने काही ठरवल्याशिवाय पुढे न सरकणाऱ्या गोष्टीही असतात. विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रामरने १९७६च्या सुमारास आपल्या मुलींसाठी अशी एक संगणकावर लिहिली. केंटकीतल्या ज्या मॅमथ गुहेत तो स्वतः उतरायचा, तीच त्यात आहे. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असं इंग्रजीत टाइप केलं की पुढचं वर्णन येतं.

मराठीत खरी गंमत. इंग्रजीतला लॅम्प कुठेही लॅम्पच राहतो. आपल्या दिव्यात तेल घालायचं म्हटलं की ‘दिवा’चा ‘दिव्या’ होतो, विहिरीत उतरताना ‘विहीर’ ऱ्हस्व होते. बाईंनी घोटून घेतलेलं सामान्यरूप यंत्राला नव्याने शिकवावं लागतं!

ख्रिस क्लायमसने २००९मध्ये काढलेल्या मोफत ‘ट्वाइन’मध्ये ही कटकट नाही. प्रसंग देवनागरीत लिहायचे, दुवे जोडायचे. वाचक क्लिक करतो. प्रोग्रामिंग यायला हवं असंही नाही. मुलं मराठी वाचत नाहीत म्हणता ना? त्यांना लिहायला बसवा.

मी एक सुरू केलीय. गोदेला पूर, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी. आधी दुकानातला माल हलवायचा, की शेजारच्या आजींना? तीन प्रसंग तयार आहेत. चौथा जेवताना सुचवा, लॅपटॉप आणलाय.